दुखणे सांगता न येणाऱ्या मुलांचे दात

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनानिमित्त महागाव येथे पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘दातांची निगा’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा संस्थेने मला केली. विषय मोठा आहे. त्यातला एकच कोपरा मी आज निवडला आहे. ज्या मुलांना जन्मतः किंवा पुढे आजारामुळे काही कायमचे अपंगत्व आले आहे, ज्यांना फिट येतात, ज्यांचे हृदय सदोष आहे, ज्यांची समज वयाच्या मानाने कमी आहे, ज्यांना बोलता येत नाही, अशा मुलांच्या दातांविषयी मी बोलणार आहे. समोर बसलेल्यांत अशा मुलांचे पालक फार थोडे दिसतात. त्याचे कारण उघड आहे. मुलाजवळ कोणी तरी थांबावे लागते, म्हणून त्यांना मेळाव्याला येता येत नाही. स्मरणिकेसाठी हा मजकूर लिहून देताना तेच वाचक माझ्या डोळ्यांपुढे आहेत. आपण पालक नसाल, पण आपल्या मोहल्ल्यात असे एखादे घर असेल, तर हे पान तेथपर्यंत पोहोचवावे, ही विनंती.

प्रथम माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका खेड्यातून एक आई दोन एसट्या बदलून आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला माझ्याकडे घेऊन आली. मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसण्याचा विकार होता. वाचा नव्हती. दोन आठवड्यांपासून तो नीट जेवत नव्हता, रात्री ओरडत उठे आणि स्वतःच्याच गालावर मारून घेई. घरात कोणी म्हणाले, डोक्याचा आजार वाढला. कोणी म्हणाले, नजर लागली. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. मूल तोंड उघडेना. मी दोनदा प्रयत्न केला आणि म्हणालो, “बाई, हे इथं होणार नाही. मोठ्या दवाखान्यात न्या.” चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी दिली म्हणजे माझे काम संपले, असे मला वाटले.

मोठ्या दवाखान्यात जायला पैसा लागतो, सोबत माणूस लागतो, घरची बाकीची मुले कोणाकडे तरी ठेवावी लागतात. बारा दिवसांनी ती आई परत आली तेव्हा मुलाचा गाल सुजून डोळा मिटला होता आणि अंगात ताप होता. मग धावपळ झाली. मूल वाचले, अल्लाहचे उपकार. पण तीन दाढा गेल्या आणि त्या घरावर कर्ज झाले. ती बाई माझ्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, तो तर रोज गालावर मारून दाखवत होता.”

खरोखरच तो रोज दाखवत होता. पाहायचे आम्हीच विसरलो होतो. आजच्या व्याख्यानाचे सार विचाराल तर ते एवढेच आहे. ज्या मुलाला ‘दात दुखतो’ असे म्हणता येत नाही, त्याच्या तोंडात रोज कोणी तरी पाहिले पाहिजे.

मूल अचानक जेवण नाकारू लागले, एकाच बाजूने चावू लागले, गार पाण्याला बिचकू लागले, हात सारखा तोंडात घालू लागले, लाळ नेहमीपेक्षा जास्त गळू लागली, झोपेतून ओरडत उठू लागले, स्वतःला मारू किंवा चावू लागले, तर त्याला हट्टी किंवा वेडे ठरवण्याआधी दिव्याच्या उजेडात त्याचे तोंड पाहा. दाढेवर काळा खड्डा, हिरडीवर पुळी, गालावर सूज यांपैकी काही दिसले, तर वाट पाहू नका.

आता अशा मुलांचे दात जास्त का बिघडतात, ते पाहू. पहिले कारण असे, की घरात मोठ्या आजाराची काळजी एवढी असते, की दातांकडे लक्ष जातच नाही. ‘आधी चालू तर दे, मग दात पाहू,’ असे म्हटले जाते. त्यात ‘दुधाचे दात पडणारच आहेत’ हा गैरसमज. दुधाचे वीस दात साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात, पण त्यातल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. शिवाय सहाव्या वर्षी त्यांच्या मागे जी नवी दाढ येते ती कायमची असते. पुष्कळ पालक तीही दुधाचीच समजून किडू देतात.

दुसरे कारण गोड. आपल्या भागात ऊस पिकतो आणि आपली माया साखरेतून व्यक्त होते. धडधाकट मुलाला आपण कधी तरी ‘पुरे’ म्हणतो. अपंग मुलाला मात्र येणारा प्रत्येक पाहुणा कीव येऊन गोळी, चॉकलेट, बिस्कीट हातावर ठेवतो. रडले की गोळी, फिजिओथेरपी केली की गोळी, पाहुणे गेले की उरलेली गोळी. ती दया त्या मुलाच्या दाढा खाते. पाहुण्यांना नम्रपणे सांगा, की याच्यासाठी केळे आणा, चेंडू आणा, दोन घटका त्याच्याशी बोला. गोड द्यायचेच असेल तर जेवणाबरोबर द्या, दिवसभर चघळायला देऊ नका.

तिसरे कारण औषध. लहान मुलांची पुष्कळशी पातळ औषधे साखरेच्या पाकात असतात. फिटचे औषध बहुधा रात्री देतात आणि मूल तसेच झोपते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून तो पाक रात्रभर दातांवर राहतो. यासाठी क्रम बदला. आधी औषध, मग दात घासणे, मग झोप. आणि डॉक्टरांना विचारा, “हेच औषध बिनसाखरेचे किंवा गोळीच्या रूपात मिळते का?” औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आजारानुसार काही गोष्टी वेगळ्या आहेत. त्या थोड्या सविस्तर सांगतो, कारण येथे अज्ञान जिवावर बेतू शकते.

फिट येणाऱ्या काही मुलांना फेनिटॉइन नावाचे औषध देतात. औषध जुने आणि उपयोगी आहे, पण त्यामुळे काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. दात स्वच्छ ठेवले तर ही वाढ कमी राहते. जास्त वाढल्यास औषध बदलता येईल का, हे मेंदुविकाराचे डॉक्टर ठरवतील. आणखी एक. फिट आली की तोंडात चमचा घालण्याची, कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची आपल्याकडे रीत आहे. चमच्याने दात तुटतात आणि तुटलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात काहीही घालू नका. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर तत्काळ दवाखाना गाठा.

हृदयाला छिद्र असलेल्या किंवा झडप खराब असलेल्या मुलाच्या किडक्या दातांतले आणि सुजलेल्या हिरड्यांतले जंतू रक्तात मिसळून हृदयाच्या आतल्या अस्तरावर बसू शकतात. तो आजार जीवघेणा आहे. अशा काही मुलांना दात काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविक द्यावे लागते. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, हेही लक्षात ठेवा. त्यांचे दात उशिरा येतात, काही येतच नाहीत आणि हिरड्या लहान वयातच खराब होतात. ‘याचे दात तर किडलेले नाहीत,’ म्हणून स्वस्थ बसू नये. हिरडीतून रक्त येत असेल तर तीही आजाराचीच खूण आहे.

आपल्या विदर्भात सिकलसेलची मुले पुष्कळ आहेत. दाताचा पू, ताप, पाणी कमी पिणे, थंडी यांपैकी कशानेही अशा मुलाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून त्याचा दात चिघळू देऊ नये. दवाखान्यात नेताना त्याला भरपूर पाणी पाजावे आणि सिकलसेलचे कार्ड सोबत ठेवावे.

हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार असलेल्या मुलाचा दात पूर्वतयारीशिवाय कधीही काढू नये. आधी रक्त गोठवणारा घटक द्यावा लागतो. अशा मुलाला दुखण्यावर ॲस्पिरिन देऊ नये. आठवडी बाजारात पाल टाकून दात काढणाऱ्यांकडे तर कोणत्याच मुलाला नेऊ नये. कायद्याने नोंदणी झालेल्या डॉक्टरलाच हे काम करता येते.

आता घरी काय करावे? याला खर्च जवळजवळ नाही. सकाळी आणि रात्री, दोन वेळा दात घासावेत. त्यातली रात्रीची वेळ कधीही चुकवू नये. धडधाकट मूलसुद्धा सात-आठ वर्षांपर्यंत स्वतः नीट घासू शकत नाही. या मुलांना मोठ्यांची मदत पुढे कित्येक वर्षे लागेल. मुलाला जमिनीवर बसवून आईने मागे खाटेवर बसावे, त्याचे डोके आपल्या मांडीवर किंचित टेकवावे आणि मागून घासावे. मान फार मागे टाकू नये, ठसका लागतो. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाचेही असेच मागे उभे राहून घासता येते. मूल फार हलत असेल तर दोघांनी गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसावे आणि मुलाला दोघांच्या मांड्यांवर आडवे घ्यावे. एकाने हात धरावेत, दुसऱ्याने दात घासावेत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा जबडा आपोआप घट्ट मिटतो. तो मुद्दाम चावत नाही. त्याच्या दातांमध्ये बोट घालू नका. गालाच्या बाजूने ब्रश सरकवा, जबडा सैल होण्याची वाट पाहा.

ब्रश लहान डोक्याचा आणि मऊ असावा. मुलाची मूठ घट्ट मिटत नसेल तर ब्रशच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर चढवा किंवा कापड गुंडाळा. पेस्ट फ्लोराइडची घ्या. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पुरते. ज्याला थुंकता येत नाही त्याला मोठेपणीही तांदळाएवढीच लावा आणि नंतर स्वच्छ ओल्या फडक्याने तोंड पुसून घ्या. आपल्या जिल्ह्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे. दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसत असतील तर ग्रामपंचायतीकडून पाण्याची तपासणी करून घ्या आणि पेस्टविषयी दंतवैद्याचा सल्ला घ्या.

मिसवाकविषयी मला नेहमी विचारतात. पैगंबर साहेबांनी (स.अ.) तोंडाच्या स्वच्छतेला केवढे महत्त्व दिले, हे आपण सर्व जाणता. वजूमध्येही गुळण्या आहेतच. ज्याला जमते त्याने मिसवाक जरूर करावे. पण ज्या मुलाचा हात थरथरतो, ज्याचा जबडा एकदम मिटतो, त्याच्या तोंडात काडी टोचू शकते. तेथे मऊ ब्रश वापरला तरी हेतू तोच राहतो. ज्याला गुळणी जमते त्याला औषधानंतर आणि जेवणानंतर गुळण्यांची सवय लावा. मात्र मशेरी आणि गुल यांना थारा देऊ नका. केंद्र शासनाने तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर १९९२ मध्येच बंदी घातली, तरी काही घरांत आजी ‘दुखणे थांबते’ म्हणून नातवाच्या दाढेला मशेरी लावते. दुखणे क्षणभर बधिर होते, कीड आत चालूच राहते आणि मुलाला तंबाखूची सवय लागते.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाला ब्रशचा स्पर्श, पेस्टची चव, दवाखान्यातला दिवा आणि यंत्राचा आवाज असह्य होतो. त्याच्याशी घाई चालत नाही. पहिला आठवडा ब्रश नुसता हातात, दुसरा आठवडा ओठांना, मग समोरच्या दातांना, असे पुढे जावे. रोज तीच जागा, तीच वेळ, तोच क्रम ठेवावा. दात घासण्याच्या पायऱ्यांची चार चित्रे काढून न्हाणीच्या भिंतीवर लावावीत. आमच्या शास्त्रातही लहान मुलांसाठी हीच रीत आहे. आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे. दृष्टिहीन मुलाला दाखवण्याऐवजी आरसा, ब्रश, खुर्ची हाताने चाचपू द्यावी. मूकबधिर मुलाशी बोलताना डॉक्टरने तोंडावरचा मास्क क्षणभर खाली घ्यावा, म्हणजे त्याला ओठ वाचता येतात.

दवाखान्यात जाताना मूल ताजेतवाने असेल अशी सकाळची वेळ मागून घ्या. औषधांची नावे, जुने कागद, मुलाला कशाची भीती वाटते आणि कशाने ते शांत होते, हे एका कागदावर लिहून न्या. पहिल्या खेपेला नुसते खुर्चीवर बसून परत आलात तरी ती खेप वाया गेली असे समजू नका. आज ड्रिल न लावता कीड थांबवणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे औषधही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ते लावलेली जागा काळी पडते, पण न दुखता कीड रोखता येते. ज्या मुलावर जागेपणी उपचार शक्यच नाहीत, त्याला भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सर्व दातांचे काम करता येते. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे आणि तेथे मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग आहे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महागावाहून हा प्रवास सोपा नाही, हे मी जाणतो. म्हणूनच म्हणतो, दाढ सुजल्यावर एकदा धावत जाण्यापेक्षा वर्षातून एक-दोनदा शांतपणे जावे.

यात कोणाकडे भीक मागायची नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम २५ मध्ये दिव्यांग व्यक्तीला तपासणी आणि उपचारात अग्रक्रम देण्याची तरतूद आहे. रांगेत अडखळत उभे राहण्याऐवजी दिव्यांगत्वाचे कार्ड दाखवून हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे. तिची मर्यादा वर्षाला एक लाख रुपयांची असून दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही तिच्यात समावेश आहे. यासाठी आधी प्रमाणपत्र आणि कार्ड काढून घ्या. शाळेतील शिक्षकांनी अर्ज भरण्यास मदत केली, तर ते मोठे पुण्यकर्म होईल.

शिक्षक बंधु-भगिनींकडे आणखी एक मागणे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून झाली. त्याचे आरोग्य पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. ज्या बाबींची तपासणी ते करते, त्यांत दंतविकारही आहेत. परंतु नेमक्या त्या दिवशी हीच मुले घरी असतात, कारण ‘त्याला कशाला त्रास’ असे म्हणून त्याला कोणी आणत नाही. पथक येण्याच्या आदल्या दिवशी अशा प्रत्येक घरी निरोप द्या. जमल्यास एखाद्या मोठ्या विद्यार्थ्याला त्या मुलाला आणायला पाठवा. शंभर मुले तपासली आणि जे शंभर-एकावे घरी राहिले त्यालाच सर्वांत जास्त गरज होती, असे होऊ नये.

या व्यासपीठावर एका नावाची आठवण करणे मला योग्य वाटते. डॉ. रफीउद्दीन अहमद यांचा जन्म १८९० मध्ये पूर्व बंगालात झाला. त्यांनी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात दंतशास्त्राचे शिक्षण घेतले आणि बोस्टनला फोर्साइथ येथील लहान मुलांच्या दंतचिकित्सालयात काम केले. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. पैसा नव्हता, म्हणून त्यांनी सोडावॉटर आणि आइस्क्रीमचे दुकान चालवून त्या उत्पन्नावर महाविद्यालय उभे केले. १९४९ मध्ये ते त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आज देशात जेवढे दंतवैद्य आहेत, ते सर्व त्यांचे ऋणी आहेत. आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने त्यांचा मार्ग धरावा आणि शिकून याच तालुक्यात परत यावे, अशी माझी इच्छा आहे.

शेवटी, हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (र.) यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ते दृष्टिहीन होते. बड्या सरदारांशी बोलणे चालू असताना ते प्रश्न घेऊन आले आणि त्यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले, म्हणून कुरआनात त्याची दखल घेतली गेली. पुढे ते मस्जिदे नबवीचे मुअज्जिन झाले आणि मदिनेची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली गेली. मी त्या दिवशी गर्दीच्या नादात एका मुलाकडे पाठ फिरवली, तेव्हा ही गोष्ट मला ठाऊक होती. पण ती केवळ वाचलेली होती. तिचा अर्थ मला त्या आईने शिकवला.

वाचकहो, आज रात्री घरी एवढेच करा. ज्या मुलाला स्वतःचे दुखणे सांगता येत नाही, त्याला जवळ घ्या, दिवा धरा आणि त्याचे तोंड उघडून नीट पाहा. बाकीचे सारे त्यानंतर सुचेल, इन्शाअल्लाह.